पूर्ण आघाताचा खेळ : तायक्वांदो

(एका क्रीडाविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोच्या बुदोकान सभागृहात ऑलिम्पिकमधील कराटेचा अंतिम सामना सुरू होता. ७५ किलोंवरील वजनगट. सौदी अरेबियाचा तारेग हमदी ४-१ असा आघाडीवर होता आणि समोर इराणचा सजाद गंजजादेह होता. हमदीने उंच लाथ मारली, ती प्रतिस्पर्ध्याच्या मानेपाशी बसली आणि गंजजादेह जागीच बेशुद्ध होऊन कोसळला. त्याला प्राणवायू लावून, स्ट्रेचरवर घालून बाहेर नेण्यात आले. पंचांनी आपसांत विचारविनिमय केला आणि सुवर्णपदक दिले ते बेशुद्ध पडलेल्या गंजजादेहला! आपण ऑलिम्पिक विजेता झालो, हे त्याला शुद्धीवर आल्यावर इतरांकडून कळले. हमदी बाद ठरला, कारण कराटेच्या नियमानुसार प्रहार वेगवान हवा, अचूक हवा, परंतु तो आवरलेला हवा.

त्याच ऑलिम्पिकमध्ये दहा-बारा दिवस आधी तायक्वांदोच्या लढती झाल्या होत्या. तीच लाथ तेथे बसली असती, तर पंचाने खाली पडलेल्या खेळाडूसमोर बोटे दाखवत दहापर्यंत अंक मोजले असते आणि लाथ मारणाऱ्याचा हात उंचावला असता. दोन्ही खेळांत पांढरा गणवेश, कमरेला पट्टा, लढतीआधी नम्रतेने वाकून केलेले अभिवादन. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सख्खी भावंडे वाटावीत. एकात ज्याला अपराध मानले जाते, त्यालाच दुसऱ्यात विजय मानतात. हा फरक कोठून आला, हे पाहिल्याशिवाय द्वंद्वक्रीडांच्या कुळात तायक्वांदोचे स्थान नेमके कोणते, याचा उलगडा होत नाही.

खेळाडू ज्याला ‘फुल कॉन्टॅक्ट’ म्हणतात, त्याचा अर्थ पूर्ण आघात. प्रहार शरीराला भिडण्यापूर्वी थांबवायचा नाही, हलका करायचा नाही, अंगातले सारे बळ त्यात ओतायचे. परंतु दोन माणसांनी एकमेकांवर सर्व अवयवांनी, सर्व मर्मस्थानांवर, सर्व बळानिशी तुटून पडावे, असा खेळ चालूच शकत नाही. तो एकदाच होईल. दुसऱ्या दिवशी खेळाडू उरणार नाहीत. म्हणून प्रत्येक द्वंद्वक्रीडेला कशाचा तरी त्याग करावा लागतो. काय सोडले, यावरून त्या क्रीडेचे स्वरूप ठरते आणि जे सोडले नाही, ते मग पूर्ण ताकदीने करता येते.

जपानमधील कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही संस्था स्थापून ज्युदोची घडी बसवली, ती याच विचाराने. जुन्या जुजुत्सूमध्ये घातक डावांची रेलचेल होती. पण ते सरावात खरेखुरे वापरले, तर जोडीदार जायबंदी होणार. म्हणजे ते आयुष्यभर नुसते दाखवायचे, करायचे कधीच नाहीत. कानोंनी ठोसे, लाथा आणि अतिघातक पकडी मोकळ्या झुंजीतून वगळल्या. उरल्या त्या फेकी आणि जमिनीवरची धरपकड. या मर्यादेत विद्यार्थी रोज, जिवाच्या कराराने, पूर्ण बळ लावून झुंजू शकले. इंग्लंडमध्ये १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी मुष्टियुद्धातून कुस्तीचे पेच काढून टाकले आणि हातात मोजे चढवले. मग ठोसा हाच राजा झाला. आपल्याकडील कुस्तीत तर आघाताला मज्जावच आहे. म्हणूनच तांबड्या मातीत पैलवान अंगातली सगळी रग ओतू शकतो आणि पाठ मातीला लागली, की निकालाविषयी कोणाच्याही मनात शंका उरत नाही.

कराटेने मात्र वेगळा मार्ग धरला. तेथे प्रहारांचा साठा तसाच ठेवला आणि सोडला तो स्पर्शच. ओकिनावाहून १९२२ मध्ये टोकियोला आलेले फुनाकोशी गिचिन हे आधुनिक कराटेचे प्रमुख प्रसारक. त्यांना स्पर्धेची झुंज फारशी रुचत नसे. पुढे त्यांच्या परंपरेत स्पर्धा आल्या, त्या लक्ष्याच्या तसूभर अलीकडे प्रहार रोखण्याच्या अटीवर. यात शिस्त आहे, सौंदर्य आहे, हे निःसंशय. परंतु रोखलेला प्रहार प्रत्यक्षात बसला असता का आणि बसून त्याचा परिणाम झाला असता का, हे शेवटी पंचाच्या नजरेवर सोडावे लागते.

तायक्वांदोचा जन्म या कराटेच्या कुशीत झाला. हे विधान कोरियात पुष्कळांना आवडत नाही, आणि न आवडण्याचे कारण समजण्यासारखे आहे.

गुलामीच्या छायेतील जन्म

जपानने १९१० मध्ये कोरिया गिळंकृत केला आणि १९४५ पर्यंत तेथे राज्य केले. त्या राजवटीच्या अखेरच्या काळात कोरियन भाषेची शाळांतून हकालपट्टी झाली, लोकांवर जपानी नावे घेण्याची सक्ती झाली. याच काळात शिक्षणासाठी जपानला गेलेल्या कोरियन तरुणांनी तेथे कराटे आत्मसात केले. ली वॉन-कुक आणि रो ब्युंग-जिक हे तर थेट फुनाकोशींचे शिष्य. मायदेशी परतून १९४४ नंतरच्या दोन-तीन वर्षांत या मंडळींनी आपापल्या प्रशिक्षणशाळा काढल्या. त्यांना ‘क्वान’ म्हणत. तेथे शिकवल्या जाणाऱ्या विद्येला ते ‘तांगसुदो’ किंवा ‘कोंगसुदो’ म्हणत; आणि हे दोन्ही शब्द म्हणजे ‘कराटे’ लिहिण्याच्या चिन्हांचे कोरियन उच्चार होत. स्वातंत्र्य मिळाले होते, पण हातात आलेली विद्या राज्यकर्त्यांची होती.

चोई हाँग-ही नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १९५५ मध्ये ‘तायक्वांदो’ हे नाव पुढे आणले. ‘तय’ म्हणजे पायाने हाणणे, ‘क्वोन’ म्हणजे मूठ आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. लाथाबुक्क्यांचा मार्ग, असे अगदी रोकडे भाषांतर होईल. या नावाचे नाते ‘तेक्क्यॉन’ या जुन्या कोरियन पदक्रीडेच्या नावाशी जुळते, हाही त्यामागील हेतू होता. पुढे या नात्याचा इतका विस्तार झाला, की तायक्वांदो दोन हजार वर्षे जुना आहे, प्राचीन थडग्यांतील भित्तिचित्रांत तो दिसतो, सिल्ला राज्याचे ‘ह्वारांग’ तरुण योद्धे तो शिकत, असे पुस्तकापुस्तकांतून छापले जाऊ लागले. तेक्क्यॉन हा खरोखरच जुना, स्वतंत्र खेळ आहे आणि २०११ मध्ये युनेस्कोने त्याची सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदही घेतली. परंतु १९५० च्या दशकातील तायक्वांदोचे पवित्रे, रोख, एकट्याने करावयाच्या आकृतिबद्ध कवायती हे सारे कराटेचेच होते, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. (बोधिधर्माने भारतातून जाऊन चीनमध्ये युद्धकला शिकवली आणि त्यातून पूर्वेकडील सर्व युद्धकला जन्मल्या, ही आपल्याकडे आवडीने सांगितली जाणारी कथाही याच पंक्तीत बसते. ऐतिहासिक पुराव्यावर ती उभी राहत नाही.)

मग कोरियाचे स्वतःचे त्यात काय? उत्तर प्राचीन भित्तिचित्रांत शोधण्याची गरजच नाही. स्टीव्हन केपनर या अमेरिकी अभ्यासकाने १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात हाच मुद्दा मांडला, की तायक्वांदोचे कोरियनपण त्याच्या स्पर्धात्मक झुंजीत आहे. कोरियन तरुणांना प्रहार हवेत थांबवणे मानवले नाही. त्यांनी छाती आणि पोट झाकणारे कवच अंगावर चढवले आणि खरोखर हाणायला सुरुवात केली. या कवचाला ‘होगू’ म्हणतात. आपल्या क्लासमधील मुले त्याला सरसकट ‘चेस्ट गार्ड’ म्हणतात. १९६३ मध्ये हा खेळ कोरियाच्या राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात अधिकृतपणे दाखल झाला आणि त्या दशकात स्पर्धेचे नियम घडत गेले. त्यांत दोन त्याग ठळक होते. हाताने चेहऱ्यावर मारायचे नाही आणि कमरेखाली लाथ घालायची नाही. पकडापकडीलाही स्थान नव्हते.

बाहेरून हे नियम विचित्र वाटतात. ज्या खेळात पायाने डोके फोडायला परवानगी आहे, तेथे मुठीने नाकाला हात लावायचा नाही! परंतु त्यामागील व्यवहार अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाने सिद्ध केला. जून री हे तायक्वांदोचे कोरियन प्रशिक्षक अमेरिकेत स्थायिक झाले होते. १९७० च्या दशकात त्यांनी फोमचे संरक्षक मोजे आणि पादत्राणे प्रचारात आणली. १९७४ मध्ये लॉस एंजेलिसला ‘फुल कॉन्टॅक्ट कराटे’ची जागतिक स्पर्धा भरली आणि त्यातून अमेरिकी किकबॉक्सिंग उभे राहिले. तेथे चेहऱ्यावर ठोशांना मुभा होती. झाले असे, की खेळाडू लाथा विसरून मुष्टियुद्धच खेळू लागले. हाताचा ठोसा जवळून, झटपट आणि तोल न जाता मारता येतो. लाथ मारताना एका पायावर उभे राहावे लागते. शेवटी संयोजकांना नियम करावा लागला, की प्रत्येक फेरीत कमरेवर किमान आठ लाथा मारल्याच पाहिजेत. लाथ जिवंत ठेवण्यासाठी तिची मोजदाद सक्तीची करावी लागली! कोरियनांनी चेहऱ्यावरचा ठोसाच काढून टाकला होता. त्यामुळे त्यांच्याकडे पायाला मोकळे रान मिळाले आणि जुन्या कवायतींत कोठेही नसलेल्या लाथा स्पर्धेच्या मॅटवर जन्माला आल्या: हवेतच पाय बदलून मारलेली दुहेरी लाथ, पाठ फिरवून टाच भिरकावणारी लाथ, पाय डोक्यावरून उचलून कुऱ्हाडीसारखा खाली आणणारी लाथ. दोन्ही पायांवर नाचत अंतर राखणे, प्रतिस्पर्ध्याच्या हालचालीवर प्रतिलाथ मारणे, हेही तेथेच घडले.

पूर्ण आघाताचा दुसरा एक पंथही याच सुमारास उभा राहिला, तो जपानमध्ये. त्याचे प्रवर्तक मासुतात्सु ओयामा जन्माने कोरियन होते, हा योगायोग लक्षणीय आहे. त्यांच्या क्योकुशिन कराटेची पहिली खुली स्पर्धा १९६९ मध्ये झाली. तेथे कवच नाही, मोजे नाहीत, उघड्या मुठीने छातीवर हाणायचे, मांडीवर लाथा घालायच्या. पण तेथेही हाताने चेहऱ्यावर मारण्यास बंदीच. सोसण्याची पराकाष्ठा पाहावी ती क्योकुशिनमध्ये. अंतर आणि वेळ साधण्याची पराकाष्ठा पाहावी ती तायक्वांदोमध्ये. थायलंडच्या मुए थायने तर कोपर, गुडघा, नडगी यांतले काहीच सोडले नाही, आणि केवळ लढण्याच्या उपयुक्ततेचा विचार केला, तर उभ्याने लढल्या जाणाऱ्या खेळांत त्याचे स्थान वरचे मानावे लागेल. तायक्वांदोचा खेळाडू हात खाली सोडून उभा राहतो, कारण त्याच्या खेळात चेहऱ्यावर ठोसा येतच नाही. ही सवय घेऊन तो मुष्टियोद्ध्यासमोर उभा राहिला, तर पहिल्या मिनिटालाच त्याला तिची किंमत मोजावी लागेल. मिश्र युद्धकलांच्या पिंजऱ्यात तायक्वांदोवाले स्वतःच्या विद्येवर विसंबून क्वचितच टिकतात. मात्र कुस्ती आणि मुष्टियुद्धाचा पाया घातल्यावर त्यांच्या लाथा इतरांना झेपत नाहीत. लहानपणापासून तायक्वांदो शिकलेल्या अँथनी पेटिसने डिसेंबर २०१० मध्ये पिंजऱ्याच्या जाळीवर पाय देऊन, उसळी घेऊन बेन्सन हेंडरसनच्या चेहऱ्यावर मारलेली लाथ आजही चाहत्यांच्या स्मरणात आहे.

राज्यसत्तेचा हात

हा खेळ जगभर गेला, तो केवळ गुणांच्या बळावर नव्हे. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या लष्करी राजवटीने त्याला राष्ट्रीय खेळ म्हणून उचलून धरले. १९७१ मध्ये त्यांनी स्वहस्ते तशी अक्षरे लिहून दिली. व्हिएतनाम युद्धात गेलेल्या कोरियन सैन्यासोबत प्रशिक्षकही गेले. १९७२ मध्ये सोलमध्ये कुक्कीवॉन हे मुख्यालय उभे राहिले, १९७३ मध्ये तेथेच पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि किम उन-याँग यांच्या अध्यक्षतेखाली जागतिक महासंघ स्थापन झाला. याच महासंघाचे नाव २०१७ पासून ‘वर्ल्ड तायक्वांदो’ असे आहे. १९८८ च्या सोल आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये प्रदर्शनीय खेळ म्हणून आणि २००० मध्ये सिडनीत पूर्ण पदकांचा खेळ म्हणून त्याला प्रवेश मिळाला. यामागे किम उन-याँग यांची मुत्सद्देगिरी होती. हेच किम पुढे आर्थिक गैरव्यवहारात दोषी ठरून २००४ मध्ये तुरुंगात गेले, हेही सांगितले पाहिजे.

नाव देणारे चोई हाँग-ही मात्र पार्क राजवटीशी बिनसून १९७२ मध्ये कॅनडाला गेले. १९६६ मध्ये स्थापन केलेला आपला आंतरराष्ट्रीय महासंघ त्यांनी सोबत नेला. १९८० मध्ये त्यांनी तायक्वांदो उत्तर कोरियात पोहोचवला आणि २००२ मध्ये प्याँगयांगमध्येच त्यांचे निधन झाले. देशाप्रमाणे खेळाचीही फाळणी झाली. गंमत अशी, की चोई यांच्या परंपरेत हातमोजे घालून चेहऱ्यावर ठोसा मारता येतो, पण आघात आवरून. आणि दक्षिणेच्या परंपरेत आघात पूर्ण, पण चेहऱ्यावर ठोसा नाही. एकाच नावाच्या दोन खेळांनी दोन वेगळे त्याग केले! २०१४ मध्ये नानजिंग येथे दोन्ही महासंघांनी परस्पर सहकार्याच्या करारावर सह्या केल्या, तरी दोन्ही नियमावल्या वेगळ्याच राहिल्या.

ऑलिम्पिकमध्ये आल्यावर जे घडले, ते कोरियासाठी अनपेक्षित, परंतु जगासाठी सुखद होते. सुरुवातीला एका देशाला दोन पुरुष आणि दोन स्त्रिया एवढेच खेळाडू उतरवता येत. या मर्यादेतही कोरियाने २००८ मध्ये चारपैकी चार सुवर्णपदके मिळवली. पण उरलेली पदके कोठे गेली, ते पाहावे. सिडनीत ट्रान हिएउ न्गान हिने रौप्य जिंकले, ते व्हिएतनामचे पहिले ऑलिम्पिक पदक. २००४ मध्ये अथेन्सला चेन शी-शिन आणि चू मू-येन यांनी एकाच दिवशी तैवानला इतिहासातील पहिली दोन सुवर्णपदके मिळवून दिली. २०१२ मध्ये अँथनी ओबामेचे रौप्य हे गॅबॉनचे पहिले पदक ठरले. २०१६ मध्ये अहमद अबूघौशने जॉर्डनला पहिले पदक, तेही सुवर्ण, मिळवून दिले. अफगाणिस्तानला आजवर मिळालेली दोन्ही ऑलिम्पिक पदके रोहुल्ला निकपाई या एकाच खेळाडूची: २००८ आणि २०१२ ची कांस्यपदके. महागडी तळी, घोडे, नौका, बर्फाचे मैदान यांतले काहीही न लागणारा, एका खोलीत शिकता येणारा हा खेळ असल्याने गरीब आणि अशांत देशांतही तो रुजला. पूर्ण आघाताचा खेळ असूनही कवचामुळे तो कोवळ्या वयापासून सुरू करता आला, हेही त्याच्या प्रसाराचे एक कारण होय.

रिओमधील ८० किलो गटाचा अंतिम सामना तर हा खेळ काय चीज आहे, याचा वस्तुपाठच होता. ब्रिटनचा लुतालो मुहम्मद ६-४ असा पुढे होता. घड्याळात शेवटचा क्षण उरला होता. आयव्हरी कोस्टच्या चेक सिसेने पाठ फिरवून लाथ भिरकावली, ती मुहम्मदच्या डोक्यावर बसली, चार गुण पडले आणि निकाल ८-६ असा उलटला. त्याच्या देशाचे ते पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक. मुहम्मदला अश्रू आवरले नाहीत.

आघात कोणी मोजायचा?

येथवरचा इतिहास गौरवाचा आहे. परंतु खेळाच्या गाभ्याशी असलेला प्रश्न सुटलेला नाही. आघात पूर्ण होता की नाही, हे ठरवायचे कोणी?

जुन्या पद्धतीत हे काम पंचांच्या डोळ्यांचे आणि कानांचे होते. लाथेचा आवाज यावा, प्रतिस्पर्धी जागचा हलावा, तेव्हा गुण मिळे. आणि सुरुवातीच्या काळात तर धडावर बसो वा डोक्यावर, गुण एकच. पंच माणसेच. २३ ऑगस्ट २००८ या एकाच दिवशी बीजिंगमध्ये दोन प्रसंग घडले. ब्रिटनच्या सारा स्टीव्हन्सनची अखेरच्या क्षणी चीनच्या चेन चोंगच्या डोक्यावर बसलेली लाथ पंचांना दिसलीच नाही. तक्रारीनंतर चित्रफीत पाहून निकाल फिरवावा लागला आणि दोनदा ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलेली चेन आपल्याच देशात स्पर्धेबाहेर गेली. त्याच दिवशी क्यूबाचा आन्हेल मातोस, सिडनीचा सुवर्णपदक विजेता, दुखापतीची ठरलेली वेळ उलटल्यामुळे बाद ठरवला गेला. संतापाच्या भरात त्याने पंचाच्या चेहऱ्यावरच लाथ मारली. त्याच्यावर आजन्म बंदी आली. लाथ ऑलिम्पिकमधल्या सर्वांत जोरदार लाथांपैकी एक असावी, पण तिला गुण नव्हते.

यावर उपाय म्हणून २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकपासून इलेक्ट्रॉनिक होगू आले. २०१६ पासून शिरस्त्राणातही संवेदक बसले. पायमोजातील संवेदक आणि कवच यांची गाठ पडली आणि ठरावीक जोर नोंदवला गेला, की गुण आपोआप फलकावर. पक्षपाताचा आरोप जवळपास संपला. पण यंत्राला लाथ कळत नाही, दाब कळतो. खेळाडू हुशार असतात. पुढचा पाय सतत हवेत उचलून धरायचा, त्याने समोरच्याला अडवायचे आणि संधी मिळताच तळवा कवचाला लावायचा. कधी अगदी बिलगून उभे राहून, पाय वेडावाकडा वाकवून पाठीमागून शिरस्त्राणाला टेकवायचा. जुने जाणकार हताशपणे म्हणू लागले, की ही पायांची तलवारबाजी झाली. पूर्ण आघातासाठी ज्या खेळाने चेहऱ्यावरचा ठोसा सोडला, पकड सोडली, त्याच खेळात आता आघाताशिवाय गुण मिळू लागले होते. कराटेत प्रहार हवेत थांबत असे; येथे तो कवचावर नुसता टेकू लागला. वर्तुळ पूर्ण होते की काय, अशी भीती वाटण्यासारखीच परिस्थिती होती.

जागतिक महासंघ स्वस्थ बसला नाही, हे त्याच्या श्रेयात जमा केले पाहिजे. २०१७ मध्ये धडावरच्या लाथेचे गुण दोन झाले आणि पाय उगाच उचलून धरण्यास दंड आला. २०१८ पासून गुणांची उतरंड अशी: ठोशाला एक, धडावरील लाथेला दोन, डोक्यावरील लाथेला तीन, वळून धडावर मारलेल्या लाथेला चार आणि वळून डोक्यावर मारलेल्या लाथेला पाच. २०२२ पासून तीन फेऱ्यांची बेरीज न करता, तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी ठरतो. त्यामुळे आघाडी घेऊन उरलेला वेळ पळण्यात घालवणे परवडत नाही. पॅरिसमधील २०२४ च्या लढती याच पद्धतीने झाल्या आणि त्या अधिक चुरशीच्या झाल्या, असे म्हणता येईल. खुद्द कोरियात २०२० मध्ये ‘पॉवर तायक्वांदो’ नावाचा प्रयोग झाला. त्यात फलकावर प्रत्येक खेळाडूची शक्ती पट्टीच्या रूपाने दाखवतात आणि जितका जोरदार आघात, तितकी समोरच्याची पट्टी घटते. व्हिडिओ गेमसारखे हे रूप ज्येष्ठांना रुचणार नाही. पण आघाताच्या बळाला पुन्हा मोल देण्याची तळमळ त्यामागे आहे.

टोकियोत कोरियाला तायक्वांदोत एकही सुवर्णपदक मिळाले नाही. ऑलिम्पिकमध्ये असे प्रथमच घडले. ज्या देशाच्या संसदेने २०१८ मध्ये कायदा करून तायक्वांदोला राष्ट्रीय युद्धकला घोषित केले, त्याला थायलंड, उझबेकिस्तान, सर्बिया यांच्या खेळाडूंना अभिवादन करावे लागले. पॅरिसमध्ये कोरियाने दोन सुवर्णपदके मिळवून काहीशी भरपाई केली. थायलंडच्या पानिपाक वाँगपट्टनकितने मात्र सलग दुसरे सुवर्ण जिंकले.

आपल्या अंगणात

भारतात तायक्वांदो १९७० च्या दशकात आला आणि आज महाराष्ट्रातील शहराशहरांत, शाळांच्या प्रांगणांत संध्याकाळी मुले ‘हाना, दुल, सेत’ अशी कोरियन आकड्यांची आरोळी देताना दिसतात. प्रसार एवढा असूनही पॅरिसपर्यंत एकही भारतीय खेळाडू ऑलिम्पिक तायक्वांदोसाठी पात्र ठरला नव्हता. पॅरालिम्पिकमध्ये मात्र हरियाणाच्या अरुणा तंवरने टोकियोत भारताचे प्रतिनिधित्व केले. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय. पॅरा तायक्वांदोत हाताचे अपंगत्व असलेले खेळाडू लढतात आणि तेथे डोक्यावर लाथ मारण्यासही मनाई आहे. आणखी एक त्याग. पण धडावरचा आघात तेथेही पूर्णच.

ऑलिम्पिकपर्यंत न पोहोचण्याची कारणे अनेक: संघटनांमधील फाटाफूट, कोणाचे प्रमाणपत्र खरे याचा घोळ, इलेक्ट्रॉनिक कवचांची किंमत. ज्या खेळाडूने आयुष्यभर साध्या कवचावर सराव केला, त्याला आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रथमच संवेदकांशी सामना करावा लागला, तर त्याच्या जोरदार लाथाही फलकावर उमटत नाहीत.

परंतु पदकांहून अधिक घरांना स्पर्श करणारा विषय आहे तो क्लासचा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आईवडील तायक्वांदोला घालतात. दर तीन-चार महिन्यांनी बेल्टची परीक्षा, दरवेळी शुल्क, दरवेळी नवा रंग. तीन-साडेतीन वर्षांत काळा पट्टा आणि भिंतीवर चौकटीतले प्रमाणपत्र. पुष्कळ क्लास प्रामाणिक आहेत. काही ठिकाणी मात्र मुलाच्या अंगावर या सर्व काळात एकदाही खरी लाथ बसलेली नसते. हवेत लाथा आणि पाटी फोडण्याची प्रात्यक्षिके, एवढ्यावरच काळा पट्टा मिळतो. अशा मुलाला धक्का बसल्यावर श्वास कसा सावरायचा, भीती वाटत असताना पुढे पाऊल कसे टाकायचे, हे कोणी शिकवलेलेच नसते. उलट टोकाला, हौसेपोटी किंवा स्पर्धेच्या घाईपोटी कोवळ्या मुलांना डोक्यावर पूर्ण बळाने लाथा मारू देणारे प्रशिक्षकही आहेत. शिरस्त्राणाने खोक पडणे टळते. कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका त्याने पूर्णतः टळत नाही.

म्हणून क्लास निवडताना पालकांनी पट्ट्यांचा फलक पाहण्याऐवजी एखादा झुंजीचा तास बसून पाहावा. मुलांना अंगाच्या मापाचे होगू, शिरस्त्राण आणि दातांचे संरक्षक मिळते का. जोड्या वजनाप्रमाणे लावतात की हाताला येईल तशा. धडावरचा आघात हळूहळू वाढवत नेतात का. डोक्यावरचा आघात कोणत्या वयात आणि कोणाच्या देखरेखीखाली सुरू करतात. आणि एखाद्या मुलाच्या डोक्याला जोराचा मार बसला, तो क्षणभर गोंधळला, तर प्रशिक्षक त्याच दिवशी त्याला पुन्हा मॅटवर उभे करतो की सराव थांबवून, पालकांना बोलावून डॉक्टरांकडे पाठवतो. स्पर्धेतही खेळाडू आघाताने खाली गेला, की तो लगेच उठून उभा राहिला तरी पंच किमान आठपर्यंत मोजतो आणि त्याच्या डोळ्यांत पाहून तो भानावर असल्याची खात्री पटल्यावरच लढत पुढे सुरू करतो.